दरोडेखोराला पाणी विचारलं म्हणून

माझा पहिला खून दुपारी, जेवणं आटोपल्यावर झाला. मी रिक्षा घेऊन सिग्नलला उभी होते. मागून एक लाल गाडी आली, मला उडवून पुढे गेली, मग वळून परत आली आणि मी जिवंत नसल्याची खात्री करून निघून गेली. हे सगळं मी गुडघ्याखाली उशी घेऊन, खुर्चीत बसून पाहत होते. शेजारी भावाची मुलगी भेंडी चिरत होती.

"आत्या, तक्रार टाक," ती मान वर न करता म्हणाली. "कारण नसताना मारलंय. हे चालत नाही."

"चालत नाही म्हणजे?"

"नियम आहे तसा. मारायचं तर कारण लागतं. आधी बोलावं लागतं."

कारणाशिवाय कोणी कोणाला उडवू नये असा लेखी नियम असलेलं शहर मी पहिल्यांदाच पाहत होते. भिवंडीच्या रस्त्यांवर उभा जन्म काढल्यामुळे मला ते शहर तिथल्या तिथे आवडलं.

मी कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर लगेच गुडघा बदलून घेतला आणि डॉक्टरांनी बसून राहायला सांगितलं. बसून वाचावं, तर आयुष्यभर तेच केलेलं. भाचीने तिचा जुना कॉम्प्युटर आणून दिला, कानांवर हेडफोन चढवला आणि म्हणाली, "यात एक शहर आहे. तिथे कोणीतरी हो." मी रिक्षावाली झाले. इतकी वर्षं मागच्या सीटवरून हुज्जत घातली होती, एकदा पुढच्या सीटवरून घालून पाहावी, एवढाच हेतू.

हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. या खेळात कोणी जिंकत नाही. प्रत्येकाने एक माणूस घ्यायचा आणि तो माणूस म्हणूनच बोलायचं, कमवायचं, भांडायचं. कोणी डॉक्टर होतं, कोणी पोलीस, कोणी चोर. चोर व्हायला शिक्षण लागत नसल्यामुळे त्यांचा भरणा जास्त. आमचं शहर ज्या कॉम्प्युटरवर चालायचं तो सर्व्हर इथलाच होता आणि खेळणारेही बहुतेक इथले: लूमवर म्हणजे यंत्रमागावर काम करणारे, दापोड्याच्या गोडाऊनमध्ये माल भरणारे, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसणारे. शुक्रवारी लूम बंद असतात. त्यामुळे शुक्रवारी दुपारी आमचं शहर माणसांनी भरून जायचं आणि गुन्हेही त्याच दिवशी उरकले जायचे.

नियम पुष्कळ होते, पण सर्वांत जास्त नियम लुटण्याचे आणि मारण्याचे. लुटण्याआधी दरोडेखोराने स्पष्ट शब्दांत मागणी करावी. समोरच्याला उत्तर द्यायला वेळ द्यावा. ज्याने मुकाट्याने सगळं दिलं त्याला मारू नये. दवाखान्यात लुटू नये. एका माणसाला एकाच दिवशी पुन्हा लुटू नये. जगातले जुने कायदे मी थोडेफार वाचले आहेत. चोराला काय शिक्षा करावी याची त्यांत भरपूर चर्चा असते. चोराने बोलावं कसं, याची काळजी कोणी घेतलेली माझ्या पाहण्यात नाही. आमच्या शहरातला दरोडेखोर मात्र बँकेच्या खिडकीमागच्या माणसापेक्षा कितीतरी नम्र असायचा. "मावशी, ही लूट आहे, कृपया खाली उतरा," असं मला एकाने म्हटलेलं आठवतं. मी उतरले. माझ्या रिक्षात आजवर इतक्या अदबीने कोणी बसलंही नव्हतं.

ही नियमावली लिहिली होती सर्व्हरच्या प्रमुखांनी. ते एरवी कोचिंग क्लास चालवत. त्यांना साधं वाक्य आवडत नसे. "सर्व सन्माननीय नागरिकांस याद्वारे कळविण्यात येते की" इथून त्यांचा मजकूर सुरू व्हायचा आणि मुद्दा येईपर्यंत वाचणारा लुटला जायचा. कलमं होती, उपकलमं होती, उपकलमांचे खुलासे होते. मी एकदा त्यांतलं एक वाक्य, जे सुरू झाल्यावर संपायचं विसरलं होतं, दोन तुकडे करून त्यांना पाठवलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मला तक्रार समितीवर घेतलं. समितीत आम्ही तिघं: प्रमुख, खेळातले फौजदार असलेले एक अबोल गृहस्थ आणि मी. माणसं तीन आणि मतं चार. प्रमुखांना दोन मतं असावीत असं प्रमुखांनीच लिहून ठेवलं होतं.

एक कलम भीतीचं होतं. कोणी बंदूक रोखली की समोरच्या माणसाने घाबरलं पाहिजे. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यात तथ्य होतं. खेळात कोणी खरंच मरत नाही, त्यामुळे कोणी खरं घाबरतही नाही. बंदूक रोखलेला माणूस उड्या मारायला लागतो, दरोडेखोराभोवती नाचतो, आणि मग गोष्टीची मजा जाते. म्हणून हे कलम. प्रमुखांनी त्याला शेपूट जोडलं होतं: भीती "स्पष्टपणे दृश्य अथवा श्राव्य स्वरूपात व्यक्त झाली पाहिजे." न झाल्यास शिक्षा म्हणजे कायमचा मृत्यू. साधा मृत्यू आमच्याकडे किरकोळ. माणूस दवाखान्यात जागा होऊन घरी जातो. कायमचा मृत्यू म्हणजे ते पात्र पुसलं जायचं, त्याचं घर-दुकान सरकारजमा व्हायचं आणि खेळणाऱ्याने पुन्हा पहिल्यापासून कोणीतरी व्हायचं.

आता दुकानदार. तो दिघाशी गावचा, चाळिशीचा, दापोड्यात एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला. पहिली शिफ्ट करून घरी आला की संध्याकाळपर्यंत खेळात किराणा दुकान चालवायचा. शहरातल्या मोठ्या चौकात, माझ्या रिक्षा स्टँडच्या समोर. गिऱ्हाईक नसलं की मी दुकानाच्या पायरीशी रिक्षा लावून त्याच्याशी गप्पा मारायचे. एकदा मी विचारलं, "दिवसभर खोकी भरून येता आणि इथे पुन्हा मालच विकता? दुसरं काही व्हायचं. पायलट व्हा."

"ताई, तिकडं माल येतो आन जातो. कुनाचा, कुनाकडं, काय पत्ता न्हाय. मानूस दिसतच न्हाय. इथं गिऱ्हाईक तोंडानं मागतं. उधार मागतं, शिव्या देतं, पन बोलतं."

गावाला त्याच्या घरचं एक दुकान होतं. रस्ता रुंद झाला आणि ते गेलं. हे त्याने मला एकदाच, दुसरंच काही सांगताना सांगितलं. खेळातलं दुकान त्याने वर्षभर खपून उभं केलं होतं. वजनकाटा कुठे, बरण्या कुठे, पोत्यांची रांग कशी, सगळं मनासारखं.

त्याच्या दुकानात एक शिस्त होती आणि ती त्याने गोडाऊनच्या गेटवरून आणली होती. तिथे लांबून ट्रक येतो. ड्रायव्हर उतरतो. त्याला आधी पाणी द्यायचं, मग कागद मागायचे. ड्रायव्हर ओळखीचा असो वा नसो, उशिरा आलेला असो, शिवीगाळ करत आलेला असो, आधी पाणी. आमच्या या भागात कोणत्याही गेटवर हे पाहायला मिळेल. खेळातही त्याच्या दुकानात जो येईल त्याला तो काउंटरवर पाण्याचा ग्लास ठेवून द्यायचा. माझं पात्र तिथे इतकं पाणी प्यायलं आहे की खऱ्या आयुष्यात तेवढं प्याले असते तर डॉक्टर खूश झाले असते.

एका शुक्रवारी तिघं तोंडं बांधून त्याच्या दुकानात शिरले. म्होरक्या लूमवरचा पंचविशीतला तरुण होता, यंत्रं दुरुस्त करणारा. पुढे जे झालं त्याचं रेकॉर्डिंग मी समितीत पाहिलं. पुरावा म्हणून सगळेच रेकॉर्डिंग ठेवायचे.

"हात वर! हिलना नहीं!" म्होरक्या ओरडला. "ही लूट आहे. गल्ला खाली कर."

दुकानदाराने हात वर केले. "करतो बाबा, करतो. उन्हातनं आलाव, पानी घेताव?"

"काय?"

"पानी. हात खाली करू का ग्लास द्यायला? का तू घेतोस हातानं?"

"अरे, गल्ला! गल्ला खोल!"

"गल्ला उघडाच हाय. घे सगळं. साखर पन ने. तो तुझा मागचा उभा हाय तो दमलाय, त्याला बसू दे त्या पोत्यावर."

इथे मागचा दरोडेखोर हसला. माइक चालू ठेवून, मोठ्याने. म्होरक्याने त्याच्याकडे बघितलं, मग बंदूक दुकानदाराच्या कपाळाला टेकवली.

"तेरे को डर नहीं लगता?"

"लागतो ना. लागतो म्हनून तं पानी विचारतोय."

त्यांनी गल्ला, साखर आणि तेलाचे डबे नेले. दुकानदाराने काहीही अडवलं नव्हतं, त्यामुळे नियमानुसार त्याला मारता येत नव्हतं. ते गेले. संध्याकाळी समितीकडे तक्रार आली: भीतीच्या कलमाचा भंग, सबब पात्र कायमचं मारण्यात यावं. जे बंदुकीने करायला मनाई होती ते अर्ज करून मिळवायची सोय होती. ही सोय आमच्या शहरापुरतीच आहे असा माझा दावा नाही.

सुनावणी पुढच्या शुक्रवारी दुपारी झाली. प्रमुखांनी खेळातल्या कोर्टाची इमारत उघडली, स्वतःच्या पात्राला काळा कोट घातला आणि आम्हांलाही घालायला लावला. माझी रिक्षावाली खाकीवर काळा कोट घालून बसली.

"उपरोक्त प्रकरणी," प्रमुख म्हणाले, "प्रतिवादीने भीती दृश्य अथवा श्राव्य स्वरूपात व्यक्त केली नाही, हे रेकॉर्डिंगवरून सिद्ध होते. प्रतिवादीस काही म्हणायचे आहे?"

"घाबरलो व्हतो," दुकानदार म्हणाला.

"ते दिसत नाही."

"भीती दिसायची म्हंजे कशी साहेब?"

"थरथर कापणे. विनवणी करणे. रडणे. उदाहरणे खुलाशात दिली आहेत."

म्होरक्या मध्येच म्हणाला, "भाई, इज्जत का सवाल आहे. आम्ही तीन लोक बंदूक घेऊन उभे, आणि हा पाणी पाणी करतोय. सगळा चौक हसतोय आमच्यावर. आठवडाभर मला सगळे 'पानी लोगे क्या' विचारतात. लूमवरसुद्धा!"

फौजदार काहीतरी गिळत असल्याचा आवाज आला. ते हसू होतं असा माझा अंदाज.

मी म्होरक्याला विचारलं, "तुला कधी खरंच कोणी लुटलंय?"

"मला? हो. हायवेला, दोन वर्षांमागं. मोबाइल घेतला. चाकू होता त्यांच्याकडे."

"रडलास?"

"नाही मावशी. मी म्हटलं, भाई, सिम कार्ड तेवढं काढून दे."

"दिलं?"

"दिलं ना. त्यांच्याकडे पिन नव्हती सिमची, मग मीच शोधली."

मग मी माझी हकिगत सांगितली. बाजारातून येताना गळ्यातली साखळी ओढली होती एकाने. ती पदरात अडकली. मी किंचाळले नाही, रडले नाही. साखळीने मान कापेल म्हणून मी मान वाकवली आणि त्याला म्हणाले, "अरे, हळू, अडकलीय ती." तो थांबला, नीट सोडवली आणि घेऊन पळाला. घरी आल्यावर मी दाराची कडी चार वेळा तपासली आणि आठवडाभर बाजारात गेले नाही. पण त्या वेळी बघणाऱ्याला वाटलं असतं, मी त्याला मदतच करतेय. माणूस घाबरला की त्याच्या हातून जे रोज होतं तेच होतं. हा माणूस रोज पाणी देतो. त्याने पाणी दिलं. रेकॉर्डिंगमध्ये दिसतेय ती भीतीच आहे, फक्त ती सिनेमातली नाही, एवढंच माझं म्हणणं होतं.

प्रमुखांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "आपण दोघांनी सांगितलेले अनुभव हे प्रत्यक्ष जीवनातील आहेत. खेळाबाहेरची माहिती खेळात वापरणे हा स्वतंत्र नियमभंग आहे. समज देऊन सोडत आहे."

त्यांचं हे म्हणणं नियमाला धरून होतं, हे मी मान्य करते. खऱ्या माणसांना भीती कशी वाटते हे सांगायला भीतीच्या कलमात जागा नव्हती.

मतदान झालं. मी विरोधात. फौजदार माझ्या बाजूने, बहुतेक हसू आवरता न आल्याच्या आनंदात. प्रमुखांची दोन मतं शिक्षेच्या बाजूने. मतं समसमान, आणि समसमान झाल्यास प्रमुखांचं मत निर्णायक, असंही लिहिलेलं होतंच. तरी त्यांनी एक दार उघडं ठेवलं: पुढच्या शुक्रवारपर्यंत दुकानदाराने चौकात उभं राहून जाहीर माफी मागावी. नाहीतर पात्र पुसलं जाईल, दुकान लिलावात जाईल.

मी दुकानदाराला फोन केला. तो गोडाऊनमधून सुटला होता, मागे ट्रक रिव्हर्स घेत असल्याचं वाजत होतं.

"भाऊ, माझं ऐका. एक ओळ म्हणून टाका. 'चुकलो' म्हणा आणि सुटा. तुमचं दुकान राहील."

"कशाला चुकलो म्हनू?"

"पाणी विचारलं म्हणून."

"मग उद्यापासनं इचारू का नको?"

"ते पुढचं पुढे. आधी दुकान वाचवा."

"ताई," तो म्हणाला, "मना मारलं तं मारू दे. पन दुकानात येऊन मारा. तोंडावर सांगून मारा. हे ऑफिसात बसून, कागदानं... गावचं दुकान बी असंच गेलं. कोन आला न्हाय, कोन बोलला न्हाय, भिंतीवर नोटीस लागली बस. आता माफी मागून वाचवायचं असंल तं मना ते दुकान नको."

त्याने फोन ठेवला. मग मी ठरवलं की हे होऊ द्यायचं नाही. मी नियमावली काढली, चष्मा पुसला आणि पहिल्या कलमापासून शेवटच्या खुलाशापर्यंत सगळं वाचून काढलं. ग्रंथपालांना कंटाळवाणं वाचायची सवय असते, तिचा आयुष्यात पहिल्यांदा फायदा झाला. खेळात येऊन काय करावं आणि काय करू नये, हे सगळं तिथे होतं. खेळात न येण्याला बंदी करणारं कलम मात्र कुठेच नव्हतं.

भिवंडीत वाढलेल्या माणसाला यापुढचं, म्हणजे बंद पुकारणं, शिकवावं लागत नाही. मी स्टँडवरच्या रिक्षावाल्यांना सांगितलं की शुक्रवारी रिक्षा बंद. त्यांनी कारण विचारलं नाही, कधीपर्यंत तेवढं विचारलं. "दुकान मोकळं होईपर्यंत," मी म्हटलं. रिक्षा बंद म्हटल्यावर बाकीची दुकानं उघडून उपयोग नव्हता. दवाखान्याची डॉक्टर, जी खरोखर डॉक्टरकी शिकत होती, म्हणाली की तिला परीक्षेचा अभ्यास करायचाच आहे. पोलीसही येणार नव्हते, पण ते एरवीही लूट संपल्यावरच पोहोचत, त्यामुळे तो फरक जाणवला नसता.

दुकानदाराला मी हे कळवलं. तो म्हणाला, "माझ्यापाई सगळ्यांचा खेळ कशाला बंद?"

"तुमच्यापायी नाही. उद्या कोणी मला लुटलं आणि मी घाबरून 'मीटरने चला' म्हणाले तर? माझीही रिक्षा जाईल."

शुक्रवारी दुपारी भाचीने आपलं पात्र घेऊन शहरात एक चक्कर मारली आणि मला दाखवली. चौक मोकळा. स्टँड मोकळा. सिग्नल लागत होते आणि सुटत होते. कोर्टासमोर काळा कोट घालून प्रमुख एकटेच उभे होते. माफी मागायला कोणी आलं नाही आणि पात्र पुसायचा समारंभ बघायलाही कोणी आलं नाही. बघणाऱ्यांशिवाय शिक्षा देण्यात त्यांना रस नसावा, कारण त्यांनी ती "लोकहितास्तव" पुढच्या शुक्रवारवर ढकलली. त्याबरोबर एक लांब निवेदन काढलं. संघटितपणे गैरहजर राहणे हे सन्माननीय नागरिकांस शोभत नाही, वगैरे. कलमाचा आकडा मात्र त्यात नव्हता. त्यांनीही शोधला असणार.

मधल्या काळात मला दोनदा ताकीद आली, एकदा समितीवरून काढून टाकण्याची धमकी आली. मी उत्तर पाठवलं की काढल्यास समितीत तीन मतं आणि दोन माणसं उरतील, आणि मग निकाल लावायला समितीची गरजच उरणार नाही, हे नागरिकांच्या लक्षात येईल. त्यावर काही आलं नाही. पुढचा शुक्रवारही तसाच गेला. शिक्षा पुन्हा पुढे ढकलली गेली.

त्याच संध्याकाळी म्होरक्याचा फोन आला.

"मावशी, ऐका ना. हे कधी संपणार?"

"का रे, तुला काय त्रास? तू खेळतोयस ना? चोरांना आम्ही अडवलेलं नाही."

"खेळतोय, पण लुटायचं कुणाला? शहरात फक्त आम्हीच आहोत. गेल्या शुक्रवारी आमच्या गँगनं दुसऱ्या गँगला लुटलं. मग त्यांनी आम्हांला लुटलं. आज परत आम्ही."

"छान की."

"काय छान! दर वेळी थरथर कापायचं, रडायचं, 'मला मारू नका' म्हणायचं. कलमाप्रमाणे. समोरचापण चोरच, त्याला माहीत मी नाटक करतोय, मला माहीत तो करतोय. बकवास झालंय सगळं. त्या पाणीवाल्यात निदान... म्हणजे तेव्हा काय करावं तेच कळेना मला. खरंच हात थांबला होता माझा."

"मग तक्रार मागे घे."

"घेतली असती. पण सगळे हसतात हो माझ्यावर. पहिलेच हसत होते."

"अजून हसतील थोडे दिवस," मी म्हटलं. "मग कोणाला तरी दुसऱ्याला हसतील. तू लूमवर काम करतोस, तुला एवढा आवाज सहन होतो, हे नाही होणार?"

"बरं. पण एक सांगतो मावशी, त्याला मी एकदा नियमात बसवून मारणार. बरोबर कारण देऊन, समोर उभं राहून."

"त्याचीही तीच इच्छा आहे," मी म्हटलं.

त्याने तक्रार मागे घेतली, आणि एवढ्यावर थांबला नाही. दोन्ही टोळ्यांच्या सह्यांनिशी एक निवेदन प्रमुखांकडे गेलं: दुकानदाराला जिवंत ठेवावं, अन्यथा शहरातील गुन्हेगारी धोक्यात आहे. मसुदा त्यांचा त्यांनीच केला होता. मी फक्त वाचला, आणि त्यातला एकही शब्द बदलावासा वाटला नाही.

प्रमुखांनी दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की प्रशासनाने मानवतावादी दृष्टिकोनातून, कोणत्याही दबावाशिवाय, शिक्षा रद्द केली आहे. त्यांना काळा कोट उतरवताना कोणी पाहिलं नाही. भीतीच्या कलमाच्या दुरुस्तीचं काम त्यांनी माझ्याकडे सोपवलं, आणि ते देताना "आपल्या भाषाप्रभुत्वाचा आदर राखून" असं लिहिलं. मी सगळे खुलासे काढून टाकले. कलमात दोन वाक्यं राहिली: बंदूक रोखल्यावर माणसाने आपल्या जिवाची किंमत ठेवून वागावं. त्याने घाबरावं कसं, हे बंदूकवाल्याने ठरवू नये. प्रमुखांना ते फार छोटं वाटलं. त्यांनी "सन्माननीय" हा शब्द कुठेतरी घालायची परवानगी मागितली. मी "बंदूकवाल्याने"च्या आधी घाला म्हटलं. मग त्यांनी नाद सोडला.

शुक्रवारी दुकान उघडलं. त्याने पहिल्यांदा पोती झटकली, मग बरण्या पुसल्या, मग वजनकाटा सारखा केला. खेळात धूळ बसत नाही, पण ते त्याला सांगायला कोणी गेलं नाही. चौकात पुन्हा इतकी गर्दी होती की मला रिक्षा वळवता येईना. दुपार उतरत असताना म्होरक्या त्याच दोघांना घेऊन आत शिरला. मी समोरच होते, सगळं ऐकू येत होतं. मागणी स्पष्ट झाली. वेळ दिला गेला. दुकानदाराने गल्ला दिला, साखर दिली, तेल दिलं.

"आणि तो काटा," म्होरक्या म्हणाला.

"काटा न्हाय देनार."

"नीट विचार कर. न दिल्यास मला गोळी घालावी लागेल. कारण मी सांगितलेलं आहे."

"सांगितलंस, ऐकलं मी. काटा न्हाय. काट्याशिवाय दुकान कसलं?"

"हे शेवटचं उत्तर?"

"हां."

म्होरक्याने एक क्षण घेतला आणि गोळी घातली. सगळं नियमात होतं. समितीकडे आणायला काही उरलं नव्हतं. माझ्या हेडफोनमध्ये दुकानदाराचा समाधानाचा सुस्कारा ऐकू आला, जो मेलेल्या माणसाने टाकायला नको होता, पण मी त्याची नोंद घेतली नाही.

मी रिक्षा दवाखान्याकडे घेतली. आमच्या नियमाप्रमाणे मेलेला माणूस जागा झाला की त्याला काहीही आठवायचं नसतं. कोणी मारलं, का मारलं, सगळं पुसलेलं असतं, आणि बाकीच्यांनी ते त्याला सांगायचं नसतं. नाहीतर प्रत्येक खुनाचा सूड घेत शहर संपून जाईल. दुकानदार पायऱ्या उतरून आला आणि मागे बसला.

"ताई, मी इथं कसा काय?"

"मला काय माहीत. तब्येत बिघडली असेल."

"दुकान उघडं टाकून आलो का काय मी?"

"चला, सोडते."

चौकात पोहोचलो तर दुकानासमोर गिऱ्हाइकांची रांग लागली होती. रांगेत सर्वांत पुढे, तोंडावरचं कापड काढून, म्होरक्या उभा होता. त्याला बिस्किटाचा पुडा हवा होता. वजनकाटा त्याने नेला नव्हता. दुकानदार घाईघाईने उतरला, काउंटरमागे गेला, आणि गिऱ्हाइकाला किती वेळ थांबावं लागलं म्हणून हळहळला. नियमाप्रमाणे मी काही बोलले नाही. म्होरक्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि नियमाप्रमाणे तोही काही बोलला नाही. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मी रिक्षा पुढे घेऊन स्टँडला लावली आणि भाड्याची वाट बघत बसले.